गवती चहा आणि चहा पावडर साठवण्यासाठी घरच्या घरी लाकडी पेटी

उन्हाळ्यात कापून सावलीत वाळवलेला गवती चहा मे महिन्यात हातात घेतला की कडकडीत लागतो आणि वासही भरपूर येतो. तोच माल ऑगस्टमध्ये उघडला तर पाती मऊ पडलेली असतात, वास निम्म्यावर आलेला असतो आणि तळाशी कधी कधी पांढरी बुरशी दिसते. यात पिकाचा दोष नसतो, वाळवणीतही बहुधा चूक नसते. माल बिघडतो तो साठवणीत. घाऊक आणलेल्या चहा पावडरीचेही असेच होते, फक्त ती मऊ पडलेली हाताला लवकर कळत नाही. चहा पाणचट लागू लागला की मग लक्षात येते.

घरात अर्धा-एक किलो चहाच लागत असेल, तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरेसा आहे, पेटीच्या भानगडीत पडू नये. पण ज्यांच्याकडे बांधावर गवती चहाची रांग आहे, जे बचत गटामार्फत तो सुकवून विकतात, किंवा ज्यांच्याकडे मजूर-माणसांच्या चहासाठी एकदम चार-पाच किलो पावडर आणून ठेवावी लागते, त्यांना अस्तर लावलेली लाकडी पेटी फार उपयोगी पडते. ती करायला मोठी हत्यारे लागत नाहीत. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट आणि हातोडी एवढ्यावर दोन सुट्टीच्या दिवसांत काम होते.

चहा कशाने बिघडतो

चहाला चार गोष्टी चालत नाहीत: ओल, उजेड, उष्णता आणि परका वास. कारखान्यातून निघताना काळ्या चहात साधारण ३ टक्के ओलावा असतो. तो ६-७ टक्क्यांच्या वर गेला की चव उतरू लागते. गवती चहाची वाळलेली पाती १० टक्क्यांच्या आत ठेवावी लागतात. पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. अशा हवेत उघडी राहिलेली कोरडी पाती थोड्याच वेळात पाणी ओढून घेतात.

गवती चहाचा वास मुख्यतः सिट्राल या घटकाचा असतो. तेलातला बहुतांश भाग तोच असतो. सिट्राल उडून जातो, आणि उजेड, ऊब व हवा मिळाली की त्याचे रूपही बदलते. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीत खिडकीजवळ ठेवलेला गवती चहा कोरडा असूनही वासाला कमी पडतो.

परक्या वासाचे म्हणाल तर चहा हा अक्षरशः वास शोषणारा पदार्थ आहे. मसाल्याच्या डब्याशेजारी महिनाभर राहिलेल्या पावडरीच्या चहाला लवंगेची झाक येते. हेच औषध फवारणीच्या खोलीत ठेवलेल्या चहाच्या बाबतीत झाले तर तो केवळ चवीचा प्रश्न राहत नाही.

आता लाकडाबद्दलचा एक गैरसमज दूर करू. लाकूड ओल अडवत नाही. ते स्वतः हवेतली ओल घेते आणि सोडते. आर्द्रता ४० टक्के असताना लाकडात साधारण ८ टक्के पाणी असते, ९० टक्के आर्द्रतेत तेच २० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे नुसत्या लाकडी पेटीत चहा भरून ठेवला तर तो पावसाळ्यात ओला होणारच. ओल अडवण्याचे काम आतले ॲल्युमिनियमचे अस्तर करते. लाकडाचे काम वेगळे: उजेड पूर्ण बंद करणे, पत्र्याच्या छपराखालच्या दिवसरात्रीच्या तापण्या-गार होण्यापासून मालाला वाचवणे आणि पातळ अस्तराला मजबूत आधार देणे. चीनमधून जहाजाने जाणाऱ्या जुन्या चहाच्या पेट्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असे, पुढे त्या जागी ॲल्युमिनियम आले आणि लाकडाच्या जागी प्लायवूड. आपण तीच रचना लहान करून वापरायची आहे. घरगुती चहापेटीला इंग्रजीत कॅडी म्हणतात, तो शब्द ‘काटी’ या मलय वजनावरून आला; एक काटी म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. आपली पेटी त्या मानाने बरीच मोठी आहे.

लाकूड कोणते घ्यावे

वास नसलेले, हलके आणि पावसाळ्यात फार न फुगणारे लाकूड हवे. या तिन्ही कसोट्यांवर शिवण सर्वांत चांगले. ते फुगते-आकसते कमी, रंध्याखाली छान येते आणि गंध जवळजवळ नसतो. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि सहज मिळणारे आहे, चहाच्या पेट्यांसाठी ते पूर्वापार वापरलेही गेले आहे. मात्र त्याला किडीची भीती जास्त. हळदू बारीक पोताचे आणि चांगले, पण मिळणे अवघड. चहाच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक तुमच्याकडे वारारोधक म्हणून बांधावर असेल, तर त्याच्या फळ्याही चालतील.

चीड आणि देवदार नकोत, त्यांच्या राळेचा वास चहात उतरतो. निलगिरी, कापूर, चंदन, कडुलिंब यांचेही तेच. साग टिकाऊ असला तरी तेलकट आहे आणि त्याला स्वतःचा वास आहे. तो बाहेरच्या पायांना किंवा कडीपट्टीला वापरा, भिंतींना नको.

जुन्या खोक्यांचे आणि पॅलेटचे लाकूड फुकट मिळते म्हणून बरेच जण तेच घेतात. घेण्याआधी त्यावरचा शिक्का पाहा. परदेशी मालाच्या पॅलेटवर ‘एचटी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे, ते खाण्याच्या वस्तूसाठी घेऊ नये. ‘एचटी’चा शिक्का असला तरी त्यावर आधी काय वाहिले होते ते शिक्क्यावरून कळत नाही, डाग किंवा वास असलेली फळी बाजूला काढा. हिरवट झाक असलेले, वाळवीविरोधी प्रक्रिया केलेले लाकूडही टाळावे, त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकते. कीटकनाशकांच्या खोक्यांची लाकडे तर शेतातल्या शेडलाही नकोत.

स्वतःच्या शेतातले झाड तोडून फळ्या काढण्याचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि हळदू दोन्ही आहेत, झाड तुमच्या मालकीचे असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते. वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. तसेही एका पेटीसाठी झाड तोडावे एवढे लाकूड लागतच नाही. चारही भिंतींना मिळून सव्वादोन चौरस फुटांहून थोडी जास्त फळी लागते. वाया जाणारे धरून तीन चौरस फूट पुरे. वखारीत उरलेल्या तुकड्यांत एवढे निघते.

फळी घेताना सालीकडचा पांढरट भाग टाळून गाभ्याकडचा घ्यावा. लाकडाचे पीठ करणारा भुंगा त्या पांढऱ्या भागातल्या पिष्टावर जगतो. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर ती फळी घरातच आणू नये. किडीसाठी फळीला आतून औषध लावण्याचा सल्ला आम्ही देत नाही. त्याऐवजी उष्णता वापरा. पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. भाजीपाला सुकवण्याचा सोलर ड्रायर गटाकडे असेल आणि तो भर उन्हात ६० अंशांच्या वर जात असेल, तर अर्धा इंची फळ्या त्यात दुपारचे तीन-चार तास ठेवाव्यात. फळी वाकू नये म्हणून वर वजन ठेवा.

फळी सुकली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तिच्यावर तारीख घालून दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेच आले की सुकली असे समजा. ओल्या फळीची पेटी केली तर दिवाळीपर्यंत सांधे उघडतात. म्हणून हे काम मार्च ते मे या काळातच करावे.

मापे आणि जोडणी

आपण आतून ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच पेटी धरू. झाकणाची पट्टी आत येत असल्याने प्रत्यक्षात साधारण ११ लिटर माल बसतो. चहा पावडर साडेतीन ते चार किलोच्या आसपास राहते. गवती चहा फार हलका असतो आणि तुकडे किती बारीक यावर सगळे अवलंबून असते, म्हणून एक लिटरचे माप भरून वजन करा आणि त्याला ११ ने गुणा. जास्त माल असेल तर पेटी मोठी करण्यापेक्षा दुसरी करावी. मोठी पेटी उघडली की सगळ्याच मालाला हवा लागते.

फळी १२ मिमी जाडीची. पुढची आणि मागची फळी प्रत्येकी ३२.४ सेंमी लांब, दोन बाजूच्या फळ्या २१.२ सेंमी लांब, सगळ्यांची उंची २० सेंमी. पुढच्या-मागच्या फळ्यांच्या दोन्ही टोकांना आतल्या अंगाने १२ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल खाच पाडायची, बाजूची फळी त्या खाचेत बसते. नुसत्या टोकाला टोक लावून खिळे ठोकले तर सांधा टिकत नाही. खाचेमुळे गोंदाला दोन बाजू मिळतात आणि फटीतून उजेडही येत नाही.

चारही फळ्यांच्या शिरा आडव्याच ठेवा. हे महत्त्वाचे आहे. लाकूड शिरांच्या लांबीने जवळजवळ फुगत नाही, रुंदीने फुगते. पावसाळ्यात २० सेंमी रुंदीची फळी सहज दोन-तीन मिलिमीटर वाढते. शिरा आडव्या असतील तर चारही भिंती एकसारख्या उंचीने वाढतात आणि पुन्हा उतरतात, सांध्यावर ताण येत नाही. एक फळी उभ्या शिरांची लावली तर तीच पेटी फोडते.

आधी गोंद न लावता जुळवून पाहा. मग लाकडाचा पांढरा गोंद लावून पेटी उभी करा, भोवती सुतळीचे दोन वेढे द्या आणि काठीने पीळ देऊन आवळा. सुताराकडचा शिकंजा नसला तरी चालतो तो यामुळेच. आवळल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ३९.४ सेंमी आणि एकमेकांशी सारखे आले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब देऊन सरळ करा. रात्रभर तसेच राहू द्या.

तळ ६ मिमी प्लायवूडचा, ३२.४ बाय २२.४ सेंमी. तो खालून गोंद आणि स्क्रूने बसवावा. स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर कडेला फळी चिरते. शक्यतो पितळी स्क्रू घ्या. लोखंड दमट लाकडात गंजते आणि भोवती काळे डाग पडतात. तळाला दीड सेंमी उंचीचे चार पाय लावा म्हणजे खालून हवा खेळते. नव्या प्लायवूडला गोंदाचा उग्र वास असतो, तो तुकडा कापून दोन-तीन आठवडे वाऱ्यावर ठेवून मगच वापरावा.

झाकणही प्लायवूडचेच करावे असे आमचे मत आहे, दिसायला थोडे साधे वाटले तरी. अखंड लाकडाचे झाकण पावसाळ्यात वाकते आणि नेमकी तेव्हाच फट पडते. १२ मिमी प्लायचा ३३.४ बाय २३.४ सेंमीचा तुकडा घ्या. त्याच्या खालच्या बाजूला १ सेंमी जाड आणि दीड सेंमी उंच पट्ट्यांची चौकट लावा, बाहेरून बाहेर २९.६ बाय १९.६ सेंमी. ही चौकट पेटीच्या आत उतरते आणि भोवती दोन-दोन मिमी जागा राहते. ती जागा अस्तर आणि फुगण्यासाठी आहे, कमी करू नका. बिजागरी लावण्याचा मोह टाळा. बिजागरीवर फिरताना चौकटीची पुढची कड अडकते, आणि अडकू नये म्हणून जागा वाढवली की झाकण सैल होते. सुटे झाकण आणि दोन बाजूंना दोन कड्या उत्तम.

अस्तर

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण ३० सेंमी रुंदीची मिळते आणि आपली पेटी मुद्दाम त्याच मापाची धरली आहे. जाड फॉइल मागून घ्या. पातळ फॉइलला घडीवर सूक्ष्म भोके पडतात. पहिली पट्टी ६५ सेंमी लांब कापा. ती पुढच्या भिंतीवरून तळावर आणि मागच्या भिंतीवर अशी बसवा. दुसरी पट्टी ७५ सेंमी लांब, ती एका बाजूच्या भिंतीवरून तळावर आणि दुसऱ्या बाजूवर. बाजूची भिंत २० सेंमीची असल्याने दुसरी पट्टी दोन्हीकडे पाच-पाच सेंमी पुढच्या आणि मागच्या भिंतीवर वळते. कोपऱ्यात कापू नका, द्रोणाच्या कडेसारखी घडी घाला. असे दोन थर दिले तर उत्तम. वरची टोके पेटीच्या कडेवर वळवून तिथेच गोंदाने चिकटवा, झाकण बरोबर त्यांवर बसते. झाकणालाही खालून फॉइल लावा.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ वापरू नये. तिच्यावर बुरशी येते आणि कसरही लागते. खरे तर भिंतीला फॉइल चिकटवण्याची गरजच नसते, वरची कड धरली की ती जागेवर राहते आणि दोन वर्षांनी बदलायलाही सोपी जाते.

कोकणात, घाटमाथ्यावर आणि जिथे पाऊस सलग पडतो तिथे एवढ्यावर थांबू नका. माल आधी खाद्यपदार्थांच्या ॲल्युमिनियम थराच्या पिशव्यांत भरा, त्या सील करा आणि मग पेटीत रचा. पाव-पाव किलोच्या पिशव्या केल्या तर एक फोडली तरी बाकीच्या बंदच राहतात. मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या भागात पेटीचे अस्तर बहुतेक पुरते.

बाहेरून चपड्याचे पॉलिश तीन हात द्यावे. स्पिरिट उडून गेल्यावर त्याला वास राहत नाही आणि ओलही बऱ्यापैकी अडते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांवर एक हात जास्त द्या, लाकूड तिथूनच सर्वांत जास्त पाणी ओढते. जवसाचे तेल चांगले, पण वास अनेक आठवडे जात नाही. ते वापरलेच तर तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. आतून रंग, व्हार्निश, काहीही नको.

भरण्याआधी

पेटी आठवडाभर उघडी ठेवल्यावर तिची परीक्षा घ्या. दोन चमचे चहा पावडर वाटीत घालून पेटीत बंद करा, तेवढीच स्टीलच्या डब्यात ठेवा. तीन दिवसांनी दोन्हींचा कोरा चहा करून शेजारी शेजारी प्या. पेटीतल्या चहाला लाकडाची किंवा गोंदाची चव आली तर पेटी अजून वाऱ्यावर राहू द्या.

गवती चहाचे पाते वाकवल्यावर कट्कन मोडले पाहिजे. वाळवलेल्या मालातले मूठभर तुकडे काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावून एक दिवस सावलीत ठेवा. आतून काचेवर दमट झाक दिसली किंवा पाती मऊ पडली तर माल पुन्हा वाळवा. चार-पाच किलो ओल्या पातीचा साधारण एक किलो सुका माल मिळतो, याहून खूप जास्त मिळाला असेल तर पाणी शिल्लक आहे हे ओळखावे. आणि वाळवणावरून उचललेला गरम माल थेट पेटीत भरू नये. तो आत गार होताना घाम धरतो. सावलीत तासभर गार करून, कोरड्या हवेच्या दुपारी भरावा.

गवती चहा आणि चहा पावडर एका पेटीत ठेवू नका, एकाचा वास दुसऱ्यात जातो. कुणाला तोच वास आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण विक्रीचा माल तरी वेगळा ठेवा. विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आणि नियमाप्रमाणे पॅकिंग लागते, पेटी ही फक्त घाऊक साठ्यासाठी आहे.

पेटी भिंतीपासून वितभर दूर, फळीवर किंवा मांडणीवर ठेवावी. खते, औषधे, रॉकेल, फिनेल, कांदा-लसूण यांच्या खोलीत नको. चुलीच्या वरच्या फळीवरही नको. रोजच्या वापराचा चहा लहान डब्यात काढून घ्या आणि पेटी आठवड्यातून एकदाच उघडा. सिलिका जेलची पुडी घालायची असेल तर निळ्या मण्यांची घेऊ नका, त्या रंगात कोबाल्ट असते.

कृषी सहायक आणि गटांच्या ताईंसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. जूनच्या सुरुवातीला एकाच मालाचे १०० ग्रॅमचे तीन नमुने करा. एक अस्तर लावलेल्या पेटीत, एक अस्तराविना साध्या लाकडी खोक्यात आणि एक स्टीलच्या डब्यात ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन लिहा. वजन १०४ ग्रॅम झाले तर मालाने ४ ग्रॅम पाणी घेतले, एवढे साधे गणित आहे. सप्टेंबरमध्ये हा कागद बैठकीत ठेवला की अस्तराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

घरच्या मालासाठीही पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाते मोडून पाहा. वाकत असेल पण वास चांगला असेल आणि बुरशी नसेल, तर ४०-४५ अंशांच्या ड्रायरमध्ये पुन्हा कोरडे करून, गार करून भरा. यापेक्षा जास्त तापवले तर सिट्राल उडतो. बुरशी दिसली, कुबट वास आला किंवा पात्यांची जाळी धरली, तर त्या पिशवीतला सगळा माल टाकून द्यावा. वरचा खराब भाग काढून उरलेला उन्हात टाकणे धोक्याचे आहे, बुरशीची विषे उन्हाने जात नाहीत. अशा वेळी पेटीचे अस्तर काढून जाळू नका, भंगारात द्या. पेटी कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा आणि नवी फॉइल लावून मगच पुढचा माल भरा.